‘कडा कोसळला’ : हिमस्खलनाचे मराठी कथन आणि इशाऱ्याची भाषा

प्रास्ताविक

हिमालयात जवान, गिर्यारोहक किंवा स्कीपटू बर्फाखाली गाडले गेल्याची बातमी मराठी वृत्तपत्रांत येते, तेव्हा तिच्यात एक वाक्य जवळजवळ ठरलेले असते : बर्फाचा कडा कोसळला. वाक्य चित्रदर्शी आहे आणि मराठी वाचकाला ते लगेच समजते. प्रस्तुत लेखाचा विषय हेच वाक्य आहे. हिमस्खलनाचे शास्त्र ज्या घटनेचे वर्णन करते ती घटना आणि हे वाक्य डोळ्यांपुढे उभी करते ती घटना, या दोहोंत अंतर आहे. हे अंतर केवळ पारिभाषिक असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु मराठीत बर्फाविषयी जे वाक्य वापरले जाते, तेच थोड्या फरकाने सह्याद्रीतील मातीविषयीही वापरले जाते. तेथे वाक्य चुकले, तर धोका कोठे पाहायचा हेच चुकते. सुरगाणा तालुक्यासारख्या डोंगराळ आणि नाशिक जिल्ह्यातील अधिक पावसाच्या प्रदेशात, जेथे नार-पारच्या खोऱ्यांतील पाडे उतारांच्या अंगाखांद्यावर वसलेले आहेत, तेथे या चुकीला किंमत आहे.

बर्फ, कडा आणि लादी

आरंभ शब्दापासून करणे सोयीचे ठरेल. ‘बर्फ’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत त्याचा अर्थ आकाशातून पडणारे भुरभुरीत हिम असा आहे. गोठलेल्या पाण्यासाठी त्या भाषेत वेगळा शब्द आहे. ज्या मुलखात हिम पडत नाही त्या मुलखात आल्यावर शब्दाचा अर्थ घट्ट झाला. मराठी माणसाचा पहिला बर्फ म्हणजे भुशात गुंडाळलेली, टोच्याने फोडायची लादी. त्यामुळे ‘बर्फ’ म्हटले की कठीण, वजनदार, दगडासारखी वस्तू मनात येते आणि दगडासारखी वस्तू डोंगरावर असेल तर तिचा कडाच असणार, हे ओघाने येते. ‘हिम’ हा दुसरा शब्द आहे, पण तो काव्यातला आणि भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातला. ‘हिमस्खलन’ हा घडविलेला शब्द अर्थाने अधिक अचूक आहे, कारण त्यात घसरणे आहे, कोसळणे नाही. तथापि बोलणाऱ्याच्या तोंडी तो बसलेला नाही.

काही दुर्घटनांच्या बाबतीत ‘कडा कोसळला’ हे वर्णन योग्यच आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. 18 एप्रिल 2014 रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात 16 नेपाळी कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा वर लोंबकळणाऱ्या हिमनदीचा प्रचंड तुकडाच तुटून खाली आला होता. तो खरोखरच बर्फाचा कडा होता. परंतु स्कीवरून दुर्गम उतारांवर जाणारे लोक ज्या हिमस्खलनात सापडतात ते बहुतेक वेळा या जातीचे नसते. तेथे कडा नसतो. तेथे असतो एक साधा, पांढरा, मोहक उतार, बहुधा 30 ते 45 अंशांच्या दरम्यानचा. म्हणजे कौलारू घराच्या छपराएवढा किंवा त्याहून थोडा अधिक उभा. याहून सपाट उतारावर हिम सहसा टिकून राहते आणि याहून फार उभ्या उतारावर ते साचतच नाही, वरचेवर झडून जाते. धोका मधल्या, चालता-घसरता येण्याजोग्या उतारावर असतो. स्कीपटूला आवडणारा उतारही नेमका हाच.

या उतारावरील हिम एकसंध नसते. प्रत्येक हिमवृष्टी, प्रत्येक वारा, प्रत्येक निरभ्र थंड रात्र आपला एकेक थर मागे ठेवून जाते. त्यातील एखादा थर कच्चा असतो. निफाड परिसरात कडाक्याच्या थंडीत द्राक्षांच्या पानांवर दव गोठल्याच्या बातम्या नाशिककरांना परिचित आहेत. तसेच पांढरे स्फटिक थंड, निवांत रात्री हिमाच्या पृष्ठभागावर उगवतात. त्यांच्यावर पुढच्या वादळातले हिम पडले की ते गाडले जातात, पण नाहीसे होत नाहीत. वर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर आणि खाली ही ठिसूळ जाळी, अशी रचना कित्येक आठवडे तशीच राहू शकते. डिसेंबरात धरलेला कच्चा थर फेब्रुवारीत दगा देतो तो असा. मग एखादा स्कीपटू त्यावरून जातो, त्याच्या भाराने कच्चा थर एका ठिकाणी मोडतो, ती मोड पायाखालून क्षणार्धात दूरवर धावते आणि वरचा संपूर्ण घट्ट थर पाटीसारखा सुटतो. या पाटीसाठी मराठीत नवा शब्द घडविण्याची गरज नाही. ‘लादी’ हा शब्द बर्फाशी आधीच जोडलेला आहे. कडा कोसळला नाही, लादी घसरली.

या दोन वाक्यांतील फरक कर्त्याचा आहे. कडा वरून कोसळतो, म्हणजे खालचा माणूस निर्दोष आणि असहाय. लादी मात्र बहुतांशी त्यावर चालणाराच सोडवितो. जीवघेण्या हिमस्खलनांत सापडलेल्या स्कीपटूंपैकी सुमारे 90 टक्के प्रसंगी ते हिमस्खलन स्वतः त्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच सुरू केलेले असते, ही या क्षेत्रातील सर्वमान्य नोंद आहे. एकदा गाडले गेल्यावर वाचण्याची खरी आशा पहिल्या 10 ते 15 मिनिटांचीच असते. म्हणून संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे या तीन वस्तू प्रत्येकाजवळ असाव्या लागतात. बाहेरून मदत येईपर्यंत ही मिनिटे सरलेली असतात.

गुलमर्ग हे या प्रकाराचे भारतातील प्रमुख ठिकाण. तेथील आफरवाट शिखराच्या उतारांवर 1 फेब्रुवारी 2023 रोजी पोलंडचे दोन स्कीपटू मृत्युमुखी पडले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्याच परिसरातील खिलनमर्ग येथे 8 फेब्रुवारी 2010 रोजी प्रशिक्षण घेणारे 17 जवान गाडले गेले होते. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थी तुकडी ‘द्रौपदी का डांडा-2’ या शिखराच्या वाटेवर हिमस्खलनात सापडली. त्यात 27 मृतदेह हाती आले आणि दोघांचा शोध त्या वेळी लागला नाही. महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक तरुण अशा अभ्यासक्रमांना जातात. सह्याद्रीत डोंगर शिकलेला हा तरुण आपल्यासोबत जी धोक्याची कल्पना घेऊन जातो, ती कड्याची असते.

कड्याचे साहित्य, उताराचे मौन

ही कल्पना त्याला कोठून मिळाली? मराठी डोंगरवाङ्मयात कड्याला मोठे स्थान आहे. हिरकणीची कथा कड्याची, टकमक टोकाचा दरारा कड्याचा, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर तीर्थक्षेत्रच. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’ने आणि आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रे’ने पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना सह्याद्रीत नेले, पहिल्याने भक्तीने, दुसऱ्याने वाट दाखवून. या परंपरेने मराठी वाचकाला डोंगराचे वेड दिले, हे तिचे ऋण आहे. मात्र या परंपरेतून तयार झालेल्या सामान्य भटकंतीलेखनात धोका नेहमी उभा असतो. आडवा, गवताळ, भिजलेला उतार हा दोन कड्यांमधला कंटाळवाणा मजकूर ठरतो. त्याविषयी लिहिले जाते ते हिरवाईचे, धुक्याचे आणि धबधब्यांचे.

शब्द नाहीत असे नव्हे. भटक्यांच्या बोलीत ‘घसारा’ हा उत्तम शब्द आहे : पायाखालून सुटणाऱ्या दगडमातीचा उतार. (वाणिज्य विभागातील सहकाऱ्यांना हा शब्द वेगळ्या अर्थाने ठाऊक आहे, पण हळूहळू होणारी झीज हा आशय दोन्हीकडे आहे.) लेखनात मात्र घसारा एक अडचण म्हणून येतो, एक खूण म्हणून येत नाही. तो का घसरतो, कोणत्या ऋतूत अधिक घसरतो, त्याच्या वर काय आहे आणि त्याच्या खाली कोण राहते, हे प्रश्न वर्णनाच्या कक्षेत येत नाहीत.

‘दरड’ या शब्दाचेही असेच झाले. दरड म्हणजे मुळात तुटका काठ, उभी कड. ‘दरड कोसळली’ हे वाक्य घाटरस्त्यासाठी तयार झाल्यासारखे आहे आणि तेथे ते चपखल बसते. माळशेज घाटात किंवा कसारा घाटात रस्त्यावर येतात ते खरोखरच उभ्या भिंतीतून सुटलेले दगड. जुलै 2015 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली, तेव्हा उपाय म्हणून लोखंडी जाळ्यांची चर्चा झाली. उभ्या भिंतीला जाळी लावता येते. वाक्याने जो धोका दाखविला त्यावर यंत्रणेने उपाय केला.

परंतु 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव गाडले गेले ते अशा भिंतीखाली नव्हे. गावावरील उताराचा भिजून जड झालेला माती-मुरमाचा थर सुटला आणि खाली वाहत आला. 151 माणसे गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा जगाला ही गोष्ट कळली. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे 80हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकूर आदिवासींची वाडी गाडली गेली; 27 मृतदेह मिळाले आणि 57 जण बेपत्ता असतानाच शोधकार्य थांबविण्यात आले. तिन्ही ठिकाणी मराठी वृत्तलेखनाने ‘दरड कोसळली’ हेच वाक्य वापरले. ‘काळाचा घाला’ आणि ‘निसर्गाचा कोप’ हे त्याचे नेहमीचे सोबती होतेच. कोप म्हटला की कारण विचारायचे नसते.

माती आणि हिम यांची तुलना एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. कोरडी हिमाची लादी भाराने सुटते. माती सुटते ती मुख्यतः आत मुरलेल्या पाण्याच्या दाबाने. तरी दोहोंत एक मूलभूत साम्य आहे. दोन्हींना स्मृती असते. घसरण एका क्षणाची असली तरी तिची तयारी थराथराने झालेली असते. येथे पारंपरिक मराठी शेतीभाषा आधुनिक वृत्तभाषेपेक्षा पुढे आहे, असे म्हणावे लागते. पुनर्वसूचा तो ‘तरणा’ पाऊस आणि पुष्याचा तो ‘म्हातारा’ पाऊस, ही नावे पावसाच्या वयाची नोंद ठेवतात. मृग आणि आर्द्रा यांनी जमीन भरून ठेवलेली असते. त्यावर हे दोन पाऊस येतात. माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी या तिन्हींच्या तारखा तरण्या-म्हाताऱ्याच्या दिवसांतील आहेत. ‘गेल्या 24 तासांतील पाऊस’ या आकड्याला हे वय दिसत नाही.

इशारा : एक वाङ्मयप्रकार

हिमप्रदेशांत या स्मृतीचे वाचन करून रोज एक छोटा मजकूर लिहिला जातो. हिमस्खलन-पत्रक हा त्याचा प्रकार. स्वित्झर्लंडमध्ये डावोस येथे या शास्त्राची भक्कम परंपरा उभी राहिली. भारतात 1969 पासून मनालीच्या हिम व हिमस्खलन अध्ययन संस्थेने हे काम केले आणि 2020 मध्ये ती संस्था नव्या संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापनेत विलीन झाली. वाङ्मयप्रकार म्हणून या पत्रकाकडे पाहिल्यास त्याचा विशेष ध्यानात येतो : ते धोकादायक जागांची नावे देत बसत नाही, तर धोक्याचे वर्णन करते. किती उंचीच्या वर, कोणत्या दिशेच्या उतारावर, कोणत्या प्रकारचा थर, आणि जाणाऱ्याला कोणत्या खुणा दिसतील : नुकतीच झालेली घसरण, पायाखालून धावणारी भेग, हिम खचताना येणारा दबका ‘धप्प’ आवाज. ज्या उताराला नाव नाही त्यावर उभा असलेला वाचकही हे वर्णन समोरच्या उताराशी ताडून पाहू शकतो.

हा प्रकार निर्दोष नाही. युरोपातील संस्थांनी 1993 मध्ये पाच पातळ्यांची एकसमान मोजपट्टी स्वीकारली : कमी, मध्यम, लक्षणीय, उच्च, अतिउच्च. पाचातील तिसरी पातळी वाचकाला ‘मधली’ वाटते. प्रत्यक्षात धोका पायरीपायरीने नव्हे, पटीपटीने वाढतो. आणि मृत्यूंचा फार मोठा वाटा तिसऱ्या पातळीच्या दिवशीच घडतो. चौथ्या-पाचव्या दिवशी लोक घरी राहतात. अमेरिकेतील इयन मॅकॅमन यांनी अपघातांच्या अभ्यासातून दाखविले की प्रशिक्षित माणसेही ओळखीच्या उतारावर खुणांकडे दुर्लक्ष करतात. ‘इथे आजवर काही झाले नाही’ ही समजूत आल्प्सपासून सह्याद्रीपर्यंत एकच आहे.

याच्याशेजारी आपल्याकडील पावसाळी इशारा ठेवून पाहावा. हवामान खात्याचे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग जिल्ह्यानुसार दिले जातात. अलीकडे नाशिकच्या घाट भागाचा उल्लेख स्वतंत्रपणे होऊ लागला आहे, ही स्वागतार्ह सुधारणा आहे. मैदानी निफाडला आणि डोंगराळ सुरगाण्याला एकच रंग लावणे हास्यास्पदच होते. परंतु रंगाच्या खालचा मजकूर जसाच्या तसा राहिला आहे. ‘नागरिकांनी सतर्क राहावे. आवश्यकता नसल्यास घराबाहेर पडू नये.’ अशा साच्यातील वाक्ये दर पावसाळ्यात प्रसृत होतात. शहरात तुंबलेल्या रस्त्यासाठी किंवा घाटातील वाहनचालकासाठी ही सूचना रास्त आहे. उताराखालच्या पाड्यासाठी मात्र ती उलटी आहे. माळीणमध्ये सकाळी आणि इर्शाळवाडीत रात्री माणसे घरातच होती. ज्या वेळी घर सोडायला हवे त्या वेळी घरात राहा, असे सांगणारा मजकूर इशारा कसा म्हणावा?

दुसरा दोष यादीचा. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे दुर्घटनेनंतर राज्य शासनाने विधिमंडळातच सांगितले. यादी आवश्यक असते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2014 पासून देशभर दरडप्रवणतेचे नकाशे करण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि जुलै 2024 मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झाले. परंतु 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर दहा-वीस घरांचा पाडा हा जेमतेम एक ठिपका असतो. यादीत नसलेल्या पाड्याला यादी काहीच सांगत नाही. उलट, आपण सुरक्षित आहोत असे नकळत सांगते. वर्णन मात्र त्यालाही उपयोगी पडते.

तुलना येथे एका जागी तुटते, आणि ती जागा महत्त्वाची आहे. स्कीपटू उतारावर स्वेच्छेने जातो आणि खूण दिसताच परत फिरू शकतो. पत्रक त्याला उद्देशून लिहिलेले असते, कारण निर्णय त्याच्या हाती असतो. नागली-वरईच्या शेताला लागून, वनजमिनीच्या काठावर घर बांधलेल्या कुटुंबाने परत कोठे फिरावे? जागा आणि जमीन यांचे प्रश्न भाषेने सुटत नाहीत. माळीणच्या वाचलेल्या कुटुंबांना नव्या गावातील घरे एप्रिल 2017 मध्ये मिळाली. तोवर पावणेतीन वर्षे गेली होती. इशाऱ्याच्या चिकित्सेने पुनर्वसनाची जबाबदारी पाड्यातील माणसाच्या ‘सतर्कते’वर ढकलली जात असेल तर ती चिकित्सा घातक ठरेल. तथापि कायमचे स्थलांतर वर्षांचा प्रश्न आहे आणि इशारा एका रात्रीचा. एका रात्रीपुरते चांगले वाक्य लिहिणे शक्य आहे.

ते कसे असावे? हिमस्खलन-पत्रकाची रीत मराठीत आणायची, तर मजकूर काहीसा असा होईल : ‘तीन दिवस झड थांबलेली नाही. घराच्या वरच्या अंगाला उतार असेल तर तो आज उजेडातच पाहून घ्या. जेथे कधी पाणी नव्हते तेथे पाझर फुटला, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले, जमिनीला भेग पडली, झाड किंवा खांब कलला, दार चौकटीत अडकू लागले, तर अंधाराची वाट पाहू नका. आजची रात्र उतारापासून आणि ओहोळाच्या तोंडापासून दूर काढा.’ यातील एकही खूण नवी नाही. त्या आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तिकांत छापलेल्या आहेत आणि पाड्यातील वृद्धांनाही ठाऊक आहेत. नवे आहे ते एवढेच की क्रियापदे घटनेच्या आधीची आहेत. ‘कोसळली’ हे वाक्य संपल्यावर येते. ‘फुटला’, ‘कलला’, ‘अडकू लागले’ ही आदल्या संध्याकाळची क्रियापदे आहेत.

हा मजकूर कोण लिहिणार, हा प्रश्न उरतो. आज तो जिल्ह्याच्या ठिकाणी तयार होतो आणि तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्या भ्रमणध्वनीवरून खाली उतरतो. संपर्कयंत्रणा बंद पडली की वाटेतच थांबतो. सुरगाण्याच्या पाड्यांतील बहुसंख्य घरांची बोली कोकणी आहे. तीत उताराला, पाझराला, भिजून सुटू लागलेल्या मातीला कोणते शब्द आहेत, याचा संग्रह मराठी विभागांनी आणि भूगोल विभागांनी एकत्र बसून करण्यासारखा आहे. त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. राब भाजून झाल्यानंतर आणि मृग लागण्याआधी जे थोडे मोकळे दिवस असतात, त्यांत तो करता येतो. आवणी सुरू झाली की सांगायला घरी कोणी सापडत नाही.